भांग होता

"बावीस तारखेला? त्या दिसी तं भांग असतो, साहेब," गोमा नाखवा म्हणाला.

लाँच धक्क्याला बांधलेली होती आणि नाखवा तिच्या टपावर बसून दोरखंडाची गाठ सोडवत होता. मी वही उघडून वर धक्क्यावर उभा. लाँचमध्ये उतरायचं मी शक्यतो टाळत असे. मी यवतमाळचा. आमच्याकडे पाणी आलं तर नळातून येतं, पायाखालून जात नाही.

"भांग?" मी विचारलं.

"हां. सगल्या किनाऱ्याला असतो. मग आमच्याच गावाला कसा नसंल?"

"किती दिवस?"

"अष्टमीला लागतो. दशमी-एकादशीला सुटतो."

मी लिहून घेतलं. शिमगा नुकताच संपला होता. गावातल्या भिंतींवरचे रंग अजून उतरले नव्हते, आणि रंगपंचमीला एका होडीत दोन वल्हेकरी उलटसुलट झोपलेले मी स्वतः पाहिले होते. त्यामुळे नवल वाटण्यासारखं काही नव्हतं.

"मग त्या दिवसांत कामाचं कसं करता?"

"बारीकसारीक काम होतं. होऱ्या फिरतात. पर मोठं धूड नाय आनायचं. घोटाला होईल. त्यात खारीच्या तोंडाला गाल परत भरलाय."

"नाखवा, चार दिवस बंद नाही का ठेवता येणार?"

"काय बंद?"

"भांग."

त्याने गाठ सोडून दिली आणि माझ्याकडे बघितलं. मग तो पोट धरून हसला. "माज्या आज्याला जमलं नाय, माज्या बापाला जमलं नाय. तुमी बगा जमतंय काय."

माणूस आपल्या व्यसनाबद्दल इतकं मोकळेपणाने बोलतो, याचं मला कौतुक वाटलं. फक्त ‘भांग असतो’ हे मला खटकलं. डोक्यावरचा भांग पुल्लिंगी, प्यायची भांग स्त्रीलिंगी, हे चौथीच्या मुलालाही कळतं. तेव्हा वहीत लिहिताना मी नाखव्याचं व्याकरण सुधारून घेतलं.

भाषेच्या बाबतीत माझा आत्मविश्वास तेव्हा दांडगा होता. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात नाखवा मला म्हणाला होता, "खारीच्या तोंडाला गाल आलाय," आणि मी दोन दिवस विचार करत होतो की खारीला गाल असणारच, त्यात कळवण्यासारखं काय आहे. मग कुणीतरी सांगितलं की इकडे ‘ळ’चा ‘ल’ आणि ‘ड’चा ‘र’ होतो. खारी म्हणजे खाडी, गाल म्हणजे गाळ. तेव्हापासून मी स्वतःला कोळी बोलीचा जाणकार समजू लागलो. जाणकार माणूस परत विचारत नाही.

ही सत्तावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. भाटवे बंदर तेव्हा वाढत होतं, म्हणजे रोज कुठेतरी खणलं जात होतं. तोवर आमच्याकडे लहान जहाजं येत, त्यांतले कंटेनर ट्रकवर चढत आणि ट्रक घाटात बंद पडत. आता रेल्वेचा फाटा थेट धक्क्यापर्यंत आला होता, आणि खाडीच्या तोंडातला गाळ उपसून मोठ्या जहाजासाठी वाट केली होती. बावीस मार्चला सकाळी पहिलं मोठं जहाज यायचं, दुपारपर्यंत त्यातले नव्वद कंटेनर गाडीवर चढायचे, आणि चार वाजता पाहुण्यांनी हिरवा झेंडा दाखवला की गाडी नागपूरच्या दिशेने सुटायची, असा बेत होता. माझं पद ‘रेल्वे समन्वय सहायक’. रेल्वेची पत्रं बंदराला द्यायची आणि बंदराची रेल्वेला. दोघंही ती वाचत नसत, त्यामुळे समन्वय उत्तम होता.

तारीख रेल्वेने दिली होती. मार्चअखेरच्या आत त्यांच्याकडे गाडी सोडायला तेवढा एकच दिवस मोकळा होता. ती तारीख जहाजवाल्यांनी मान्य केली, पाहुण्यांनी मान्य केली, मांडववाल्यानेही केली. समुद्राला विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

खरं तर ते काम हार्बर मास्तरचं. पण हार्बर मास्तर तीन महिन्यांपूर्वी नोकरी सोडून गेले होते आणि त्यांचा कार्यभार आमचे मॅनेजर जठार साहेब यांच्याकडे होता. जठार साहेब मूळचे सदाशिव पेठेतले. पाण्याशी त्यांचा संबंध आंघोळीपुरता. मात्र त्यांच्याकडे गाळ उपसणाऱ्या कंत्राटदाराचा दाखला होता. वाटेत सगळीकडे अकरा मीटर पाणी आहे, भरती असो की ओहोटी. जहाजाला साडेनऊ मीटर लागत होतं. दाखल्यावर तीन शिक्के होते आणि त्यातला एक गोल होता. गोल शिक्क्यापुढे जठार साहेबांचं काही चालत नसे.

आता गोमा नाखव्याचं. गोमा चोगले हा आमच्या लाँचवरचा तांडेल, म्हणजे लाँच चालवणारा मुख्य माणूस, पण रोजंदारीवर. वय छप्पन्न, गुडघे गेलेले. जिथे त्याचे वाडवडील खांब रोवून डोल जाळं लावत, ती जागा आमच्या धक्क्याच्या भरावाखाली गेली होती. बदल्यात कायम नोकरी देऊ, असं कंपनीने लिहून दिलं होतं आणि मग सहा वर्षं ‘बघतो’ म्हणत होती. शेवटी ती ऑर्डर टाइप झाली. मीच केली. बावीस तारखेला पाहुण्यांच्या हस्ते ती त्याला मिळायची होती. त्याच फायलीत तिच्याखाली दुसरी ऑर्डर होती, ती माझी. माझं प्रोबेशन मार्चमध्ये संपत होतं.

तर मी टिपण लिहिलं. अजून तोंडपाठ आहे. ‘स्थानिक कर्मचारी अष्टमी ते एकादशी या काळात भांगेच्या अमलाखाली असतात. अष्टमीला लागते व एकादशीला सुटते. ही प्रथा संपूर्ण किनाऱ्यावर वाडवडिलांपासून चालत आली असून ती बंद करणे अशक्य असल्याचे तांडेल श्री. चोगले यांनी हसत सांगितले. या काळात बारीकसारीक काम करण्यास हरकत नाही. मोठे जहाज आणणे टाळावे. तसेच खाडीच्या मुखाशी गाळ पुन्हा भरला असल्याचे ते म्हणतात.’

जठार साहेबांनी ते उभ्याउभ्या वाचलं आणि मग बसून वाचलं.

"गोतमारे, हे त्याने कबूल केलं?"

"स्वतःहून, साहेब."

"शरम नाही वाटली त्याला?"

"नाही जी. उलट अभिमानच दिसला."

साहेबांनी लाल पेन काढलं. गाळाच्या वाक्यावर काट मारली, कारण दाखला असताना गाळ असूच शकत नव्हता. बाकीच्या टिपणाखाली त्यांनी रेघ ओढली. "उत्तम. कामाचं टिपण असंच लिहावं. आपण त्या दिवशी बाहेरून लाँचवाले आणू. जहाजाला वाट दाखवणारा पायलट तर बाहेरचाच आहे. या चोगलेला फेटा बांधून मांडवात बसवा, आणि एक डॉक्टर बोलावून ठेवा. शुद्धीवर असला तर ऑर्डर द्यायची, नाहीतर नाही. त्याला काही बोलू नका. हे लोक दुखावतात."

दोन दिवसांनी नाखवा ऑफिसच्या दारात आला. चपला बाहेर काढून आला, नेहमीसारखा.

"साहेब, माजी लाँच दुसऱ्यांना दिली म्हनं?"

"वरून आदेश आहे, नाखवा. तुम्हाला मांडवात मान आहे."

"मान असंल. पर जहाज नाय ना आनत त्या दिसी?"

"आणतात ना."

"भांगात?"

"अहो, म्हणूनच तर दुसरे लोक आणले."

"दुसरे लोक आनले म्हनजे भांग नसतो?"

"त्यांना नसते. ते परीक्षा देऊन आलेत."

"अस्सं," नाखवा म्हणाला. परीक्षेला तो फार मानत असे. त्याची मुलगी तेव्हा दहावीला होती. "तरी सांगतंय, सहा दिस थांबा. अवसेला आना, नाचत ईल." मी मान हलवली आणि त्याने चपला घातल्या.

एकवीस तारखेला संध्याकाळी मी मासळीबाजारात गेलो. दुसऱ्या दिवशी कायम होणार म्हणून बोंबील खायचा विचार होता. नाखव्याची बायको चांगुबाय नेहमीच्या जागी बसली होती. पुढ्यातली पाटी रिकामी, आणि ती स्वतः चांगली टवटवीत.

"चांगुबाय, बोंबील?"

"बोंबील नाय आन् काय नाय. भांग लागला ना."

मी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली केला. "तुम्ही पण?"

"काय मी पन?"

"म्हणजे, तुम्ही बायका पण घेता का? भांग?"

चांगुबायने आधी मला नीट पाहून घेतलं. मग तिने शेजारणीला हाक मारली, शेजारणीने तिच्या शेजारणीला, आणि माझा प्रश्न माझ्याच आवाजात नक्कल करून तिने ओळीने सगळ्यांना ऐकवला. एक म्हातारी हसताहसता पाटीवरून घसरली. मग चांगुबायला माझी दया आली असावी.

"अरे बाबा, अवस-पुनवेला दर्याला उधान असतो. पानी वर चरतं, खाली उतरतं, जालं भरतं. अष्टमी-नवमीला भांग. तवा पानी धड चरत नाय, धड उतरत नाय, आलशी मानसासारकं जागच्या जागी पडून ऱ्हातं. मग म्हावरं कसं घावंल?"

"म्हणजे भांग... तो पाण्याचा?"

"मंग काय तुज्या डोक्याचा?"

सगळ्या पुन्हा हसल्या. मी पण हसलो, म्हणजे तोंड उघडं ठेवलं. उद्या नवमी. भरतीला पाणी चढणार नाही, खाडीच्या तोंडाशी गाळ भरलेला आहे, आणि त्यावरून आम्ही या बंदराने आजवर पाहिलेलं सगळ्यात मोठं जहाज आणणार आहोत. हे सांगणाऱ्या माणसाला मी भंगड ठरवून मांडवात बसवला होता.

मी तसाच पळत ऑफिसात गेलो. जठार साहेब आरशापुढे फेटा बांधून बघत होते.

"काय गोतमारे? धापा का टाकताय?"

"साहेब, ते भांगेचं..."

"त्याची व्यवस्था झाली आहे. डॉक्टर सकाळी सातला येतोय."

"तसं नाही साहेब. ते टिपण..."

"हां, ते टिपण." त्यांनी फेट्याचा शेमला मागे टाकला. "मी ते आज फोनवरून मुख्यालयाला वाचून दाखवलं. इतकं बारकाईने स्थानिक परिस्थिती अभ्यासणारा माणूस तुमच्याकडे आहे म्हणून माझं अभिनंदन केलं त्यांनी. उद्या तुमची ऑर्डर पाहुणे स्वतः देतील. बोला, काय म्हणत होतात?"

त्या क्षणी सांगता आलं असतं. एक वाक्य होतं. पण ते वाक्य मुख्यालयापर्यंत जाणार, तिथे मासळीबाजारातल्यासारखं हसू होणार, आणि मग मी परत यवतमाळला जाणार, जिथे वडिलांनी ‘पोरगा बंदरात साहेब आहे’ असं सगळ्या आळीला सांगून ठेवलं होतं. आणि अकरा मीटर खरेच असतील, मी मनाशी म्हटलं. तीन शिक्के होते.

"हार आलेत, साहेब," मी म्हणालो.

याची लाज मला तेव्हाही वाटली. पुरेशी वाटली नाही, एवढंच.

बावीसला सकाळी सात वाजता भरती होती. मांडवात बँड होता, पाहुणे होते, हार घातलेलं इंजिन होतं आणि त्यामागे रिकाम्या वॅगनींची लांबलचक रांग. नाखवा गुलाबी फेट्यात दुसऱ्या रांगेत बसला होता. डॉक्टरने त्याला दोनदा जीभ काढायला लावली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि जठार साहेबांना सांगितलं, "तंबाखू सोडून काही नाही." साहेब म्हणाले, "सवयीचा असेल, दिसत नाही."

जहाज क्षितिजावरून आलं, मोठं झालं, खाडीच्या तोंडाशी आलं आणि थांबलं.

"टेकलं," नाखवा म्हणाला, कुणाला उद्देशून नाही.

पाहुण्यांना वाटलं, जहाज मानवंदनेसाठी थांबलंय. ते उठून उभे राहिले, म्हणून सगळे उठले. बँड सुरू झाला. जहाजाने भोंगा दिला, इकडे टाळ्या पडल्या. त्याने पुन्हा दिला, पुन्हा टाळ्या. मग त्याने भोंगा चालूच ठेवला आणि त्याच्या बुडाखालून काळा चिखल ढवळून वर यायला लागला, तेव्हा कुठे टाळ्या थांबल्या. पायलट वॉकीटॉकीवर अशा भाषेत बोलत होता की जठार साहेबांनी आवाज बंद केला.

दुपारभर जहाज तिथेच उभं होतं. रेल्वेच्या माणसाने मला बाजूला घेऊन सांगितलं की कंटेनर असोत वा नसोत, चार वाजता गाडी निघालीच पाहिजे, त्यानंतरची वेळ दुसऱ्या गाडीला दिली आहे. मग चार वाजता पाहुण्यांनी हिरवा झेंडा दाखवला आणि आमची ऐतिहासिक पहिली मालगाडी, फक्त इंजिनावरचे हार घेऊन, नागपूरच्या दिशेने रवाना झाली. निवेदिकेने ‘ऐतिहासिक’ हा शब्द गाळला नाही. ऑर्डरी कुणालाच दिल्या गेल्या नाहीत.

चोवीस तारखेला चौकशी बसली. म्हणजे जठार साहेब खुर्चीवर बसले, मी लिहायला बसलो आणि नाखव्याला उभं केलं. दाखल्याला हात लावायची सोय नव्हती. तेव्हा साहेबांनी असं शोधून काढलं होतं की वाट दाखवणारी तरंगती पिंपं नाखव्याच्या माणसांनी आधीच्या आठवड्यात लावली होती. नशेत ती भलतीकडे लावली, म्हणून जहाज भलतीकडे गेलं. नशेचा पुरावा फायलीत होता. तो माझ्या हस्ताक्षरात होता.

"चोगले," साहेब म्हणाले, "बावीस तारखेला भांग होती की नव्हती?"

नाखव्याने माझ्याकडे पाहिलं. चांगुबायने बाजारातली गंमत घरी सांगितली असणारच. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"होता, साहेब," तो म्हणाला.

"होती. भांग होती म्हणावं. स्त्रीलिंगी आहे."

"तुमची होती असंल. आमचा होता."

"बरं, किती होती?"

"लय होता. नवमीला असतोच लय."

"आणि हे तुम्ही गोतमारेंना आधी सांगितलं होतं?"

माझं पेन थांबलं. आता त्याने एवढंच म्हणायचं होतं, साहेब, ह्या पोराला समजलंच नाही. तो एका वाक्यात सुटला असता. मी तोंड उघडलं की नाही मला आठवत नाही. आवाज तरी आला नाही.

"ते टिपन वाचा एकडाव," नाखवा म्हणाला.

साहेबांनी ते मोठ्याने वाचलं, काट मारलेलं वाक्य सोडून. अष्टमीला लागते, एकादशीला सुटते, बारीकसारीक काम करण्यास हरकत नाही, मोठे जहाज आणणे टाळावे. नाखवा डोळे मिटून ऐकत होता. मध्ये एकदा त्याच्या गालावर काहीतरी हललं, तो हसू दाबत होता.

"बराबर लिवलंय," तो म्हणाला. "भांगाचं सगलं बराबर हाय. मी सांगलं तसंच लिवलं त्यांनी. शाना मानूस हाय. ह्याच्याबरहुकूम वागला असता तुमी, तं जहाज रुतलं नसतं."

"म्हणजे तुम्हाला सगळं मान्य आहे."

"समदं."

"लिहा गोतमारे. ‘बावीस तारखेला भांग होती, हे मला मान्य आहे.’"

"होता लिवा," नाखवा मला म्हणाला. "मी बोल्लो तसं."

मी ‘होता’ लिहिलं. त्या फायलीत मी लिहिलेला तेवढा एकच खरा शब्द. नाखव्याने खाली सही केली, ‘गो. म. चोगले’, आणि तो बाहेर जाऊन चपला शोधायला लागला. जठार साहेबांनी कबुलीजबाब वाचला, लाल पेन काढलं आणि ‘ता’चा ‘ती’ केला.

नाखव्याची ऑर्डर त्यांनी माझ्यासमोर फाडली. त्याचं लाँचवरचं कामही महिनाअखेर बंद. माझी ऑर्डर मात्र दुसऱ्याच दिवशी टेबलावर आली. आगाऊ इशारा दिल्याबद्दल तिच्यात एक शाबासकीचं वाक्य जास्तीचं घातलं होतं.

अवस अठ्ठावीसला होती. बाहेरून आणलेले परीक्षावाले लाँचवाले तोवर निघून गेले होते आणि पायलट आमचा फोन घेत नव्हता. शेवटी जठार साहेबांनी नाखव्याला बोलावणं पाठवलं, आणि तो आला. दुपारच्या भरतीला पाणी धक्क्याची वरची पायरी चाटायला लागलं तेव्हा तो लाँच घेऊन पुढे झाला, आणि ते अवाढव्य जहाज गाळातून सुटून त्याच्या मागोमाग, त्याने सांगितलं होतं तसं, नाचत आलं.

"आज शुद्धीवर दिसता, चोगले," जठार साहेब धक्क्यावरून म्हणाले.

"आज उधान हाय, साहेब," नाखवा म्हणाला. साहेबांना तो उत्साहाबद्दल बोलतोय असं वाटलं.

मी त्या बंदरात पुढे सव्वीस वर्षं काढली. आता तिथे रोज सहा गाड्या सुटतात. जहाजाची तारीख ठरवायच्या फॉर्मवर अगदी पहिला रकाना ‘भांग’ असा आहे, तो मी घातला. रेल्वेने कितीही लवकर तारीख दिली तरी तो रकाना भरल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही. नव्याने लागलेला प्रत्येक जण तो वाचून आधी हसायचा आणि मग विचारायचा, आणि विचारलं की मला बरं वाटायचं. ती जुनी फाईल मात्र मी कधी दुरुस्त केली नाही. नाखवा होता तोवर धीर झाला नाही. त्याची डोलीची जागा गेली होती, म्हणून तो सत्तरीपर्यंत लांबच्या पाण्यात जाळं टाकायला जात राहिला, तसल्या गुडघ्यांनी. कधी धक्क्याजवळून गेला तर मला हात करायचा. मी पण करायचो.

त्या अवसेला संध्याकाळी त्याने लाँचची किल्ली माझ्याकडे दिली. धक्क्याच्या पायऱ्यांशी त्याची स्वतःची होडी बांधलेली होती. माझी ऑर्डर माझ्या खिशात होती.

"नाखवा," मी म्हणालो, "चौकशीत तुम्ही खरं का नाही सांगितलं?"

"खरंच सांगलं. भांग होता."

"तुम्हाला माहीत आहे मी काय म्हणतो ते. एक शब्द बोलला असता तर मी गेलो असतो आणि तुम्ही राहिला असता."

"म्हाईत हाय."

"मग?"

तो होडीची दोरी सोडत होता. सहा महिने तो मला साहेब म्हणत आला होता. आता त्याने मान वर केली आणि घरच्या पोराला विचारावं तसं विचारलं.

"तुला पवता येतं काय रं?"

"नाही."

"मला येतं," गोमा नाखवा म्हणाला, आणि होडीत उतरला.